प्रचारकी कोणाला म्हणता? ‘युगयात्रा’, ‘कन्यादान’ आणि विद्यार्थ्यांचा रंगमंच

महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत आपली मुले जातीचा प्रश्न घेऊन उतरली, की निकालानंतर एक शेरा हमखास ऐकू येतो. अभिनय चांगला आहे, मुलांत दम आहे, पण संहिता प्रचारकी आहे. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या परीक्षकांच्या तोंडून आम्ही हा शेरा इतक्या वेळा ऐकला आहे, की आता तो माणूस बोलायला उभा राहिला की पुढचे शब्द आम्हीच मनात पुरे करतो.

शेरा साधा वाटतो, पण त्याचा परिणाम साधा नसतो. पुढच्या वर्षी तोच संघ नवी संहिता घेऊन येतो आणि तिच्यातून जात गायब झालेली असते. पात्रांची आडनावे गेलेली असतात, गावकुसाबाहेरची वस्ती ‘एक गाव’ झालेली असते. पाणवठ्यावरची मारहाण जाऊन तिथे एका अस्वस्थ तरुणाच्या मनाचा खेळ आलेला असतो. बक्षीसही मिळते. मुले खूश होतात, आणि आपण काय गमावले हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून संहितेचे बळ कशाला म्हणायचे, दुबळेपणा कशाला म्हणायचा आणि हे आजवर कोणी ठरवले, याचा इतिहास एकदा समोर मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

या इतिहासाची सुरुवात एका नापास संहितेपासून होते. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नाकारले गेले. हे जोतीरावांनी स्वतः पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवले आहे. नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. म्हणजे सव्वाशे वर्षे या संहितेवरचा एकमेव निकाल कागद वाचून दिलेला होता, आणि ज्यांच्यावर ते नाटक होते त्यांच्याच भाईबंदांनी तो दिलेला होता. नाटकाची खरी परीक्षा तालमीत होते. या नाटकाला तालीमच मिळू दिली नाही.

आज एखादा विद्यार्थी संघ ‘तृतीय रत्न’ हाती घेतो तेव्हा काय होते? गोष्ट सरळ आहे. एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो, ब्राह्मणभोजनाच्या निमित्ताने घर कर्जात बुडवतो. शेवटी नवराबायको फुल्यांच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात. मध्येमध्ये एक विदूषक येतो आणि जोशाच्या पोटात काय आहे ते प्रेक्षकांना सांगतो. पहिल्या वाचनाला मुले हमखास म्हणतात, विदूषक काढून टाकू, तो कळलेलेच पुन्हा सांगतो. आमचे मत नेमके उलटे आहे. विदूषक हेच या संहितेचे बळ आहे. तो नसेल तर जोशी एक लबाड माणूस एवढाच उरतो. विदूषक असला की लबाडीमागचा धंदा उघडा पडतो. संहितेचा दुबळेपणा दुसरीकडे आहे. पाद्री आणि कुणबी यांच्या लांबलचक संवादात प्रश्न फक्त उत्तर मिळावे म्हणून विचारले जातात. तिथे कात्री चालवायला हरकत नाही. जोतीरावांचे शब्द कापायचे कसे, असा संकोच मुलांना वाटतो. पण जोतीरावांनी हे नाटक पूजेसाठी लिहिलेले नव्हते.

आता थेट महाविद्यालयाच्या रंगमंचाकडे येऊ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला १९५० मध्ये महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. खेड्यापाड्यांतली, घरात पहिल्यांदाच पाटी धरणारी मुले इथल्या वसतिगृहात येऊन राहिली. अशा महाविद्यालयात १९५५ मध्ये प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते केले. बाबासाहेबांनी स्वतः ते पाहिले. पुढे १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण ‘युगयात्रे’चे नाव घेऊन पुढे जातात. मान देऊन पुढे जातात, पण पुढे जातात. त्या संहितेत काय चालले आहे याकडे फारसे बघत नाहीत.

‘युगयात्रा’ पुराणकाळापासून बाबासाहेबांच्या चळवळीपर्यंत अस्पृश्यांचा प्रवास मांडते. म्हणजे दर प्रवेशाला युग बदलते आणि माणसे बदलतात. एकच नायक पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत वाढत जातो, त्याच्या मनात संघर्ष होतो, शेवटी तो बदलतो, असे यात होणे शक्यच नाही. मराठी नाट्यसमीक्षेने कानेटकर-तेंडुलकरांच्या नाटकांवरून जी मोजपट्टी बनवली, ती लावली तर ही संहिता विस्कळीत ठरेल. एकाच गोष्टीची पुनरावृत्ती आहे, असेही कोणी म्हणेल.

पण ही मोजपट्टी बाजूला ठेवून तालमीच्या बाजूने बघा. वसतिगृहातली मुले नाटक करत आहेत. कोणाची परीक्षा, कोणाचा बाप आजारी, कोण दोन आठवडे गावी गेलेला. एका नायकावर उभे असलेले नाटक अशा संघात एका मुलाच्या गैरहजेरीने कोसळते. प्रवेशाप्रवेशाने उभे असलेले नाटक कोसळत नाही. एकाला दोन भूमिका देता येतात, एक प्रवेश वेगळा बसवता येतो. शिवाय वीस-पंचवीस मुलांना तोंड उघडायला मिळते. ज्यांच्या बापजाद्यांना पाटलाच्या वाड्यासमोर मान वर करून बोलता येत नव्हते, त्यांच्यासाठी चार वाक्येसुद्धा लहान गोष्ट नाही. एकाच हुशार मुलाला नायक करून बाकीच्यांना भाले घेऊन उभे करणारी संहिता कितीही बांधेसूद असो, मिलिंदच्या त्या पहिल्या पिढीच्या ती काय कामाची होती?

पुनरावृत्तीचेही तेच. दर युगात तोच अन्याय नव्या नावाने येतो, हेच तर नाटकाचे म्हणणे आहे. एकदा दाखवले तर ती एक वाईट घटना ठरते. चार वेळा दाखवले तर ती व्यवस्था असल्याचे कळते. यासाठी समीक्षकांना काय शब्द वापरायचा तो वापरू द्या.

आणि नागपूरचा विचार करा. लाखोंचा समाज जमलेला आहे, माणसे दिवसच्या दिवस चालून आलेली आहेत, बहुतेकांना अक्षरओळख नाही. दिवाणखान्यातल्या पात्रांच्या अर्धवट वाक्यांतून, न बोललेल्या दुःखातून अर्थ काढायचा, अशा नाटकाचे त्या गर्दीत काय झाले असते? तिथे मोठे, सरळ, लांबून दिसणारे चित्र लागते. ‘युगयात्रे’ची जी बाजू नाट्यगृहात ठोकळेबाज वाटेल, तिच्यामुळेच ते नाटक त्या मैदानात उभे राहू शकले.

हे बळ आकाशातून पडलेले नव्हते. त्याआधी सत्यशोधक जलसे होऊन गेले होते, आणि त्यांच्या मागोमाग भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले होते. जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातली देवादिकांची बाजू काढली आणि सोंगाड्या व सवाल-जवाब ठेवले. जलशाला पक्की संहिता नसते. समोर कोण बसले आहे हे पाहून सोंगाड्या एक सवाल वाढवतो, एक गाळतो. कंटाळा आला की गाणे येते. म्हणजे संहितेतली ढिली जागा शोधणे आणि ती जागच्या जागी भरून काढणे हे काम जलसाकार रोज करत होते. महाविद्यालयात नाटक लिहून आले, छापून आले, आणि ही लवचिकता कमी झाली. लिहिलेले पवित्र, असे शिकलेल्या माणसाला वाटू लागते. आपल्या मुलांना वाचायला शिकवताना हा एक रोग सोबत आला.

आता दुसऱ्या बाजूची संहिता घेऊ, म्हणजे ‘बांधेसूद’ म्हणून जिचा गौरव होतो ती. विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ १९८३ चे. समाजवादी नाथ देवळालीकर, त्यांची पत्नी सेवा, मुलगी ज्योती, मुलगा जयप्रकाश, आणि ज्योती जिच्याशी लग्न करते तो दलित कवी अरुण आठवले. अरुण ज्योतीला मारतो. नाथांचा आदर्शवाद मोडून पडतो. तेंडुलकरांना या नाटकासाठी १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. याच नाटकापायी आपल्यावर चप्पल फेकली गेली होती, हे त्यांनी तो स्वीकारताना सांगितले. चप्पल फेकणे हे नाटकावरचे उत्तर नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. उत्तर तालमीत शोधले पाहिजे.

पाच मुख्य पात्रे, एक दिवाणखाना, प्रत्येक प्रवेशाला ताण वाढत जातो. महाविद्यालयीन संघांना ही संहिता आवडते, कारण ती अभिनयाला जागा देते आणि नेपथ्याचा खर्च कमी आहे. पण तालमीला बसल्यावर अरुण करणारा मुलगा तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारतोच, की मी हिला का मारतो? संहितेत उत्तर शोधायला गेले तर अरुणचे बालपण, त्याच्या वस्तीतला मार, त्याच्या बापाने आईला मारणे, हे सगळे त्याच्याच तोंडून सांगितलेले सापडते. दिसत काहीच नाही. आपल्यासमोर कायम देवळालीकरांचे घर आहे. नाथांचे दुःख आपण डोळ्यांनी बघतो आणि अरुणची वस्ती नुसती ऐकतो. ज्याचे जग रंगमंचावर आहे त्याच्याकडे प्रेक्षकाचा जीव ओढतो, हा नाटकाचा साधा नियम आहे. बायकोला मारणारे सवर्ण कवी, सवर्ण पुढारी, सवर्ण प्राध्यापक या महाराष्ट्राने थोडे पाहिलेले नाहीत. पण त्यांच्या मारण्याला त्यांच्या जातीचा इतिहास कारण म्हणून कोणी जोडत नाही. अरुणच्या बाबतीत मात्र मार आणि जात एकाच दोऱ्यात ओवले जातात, आणि रचना इतकी सफाईदार आहे की तो दोरा दिसत नाही.

हा दुबळेपणा आम्ही मोठा मानतो. तो ‘प्रचारकी’ या नावाने मात्र कधी ओळखला जात नाही. प्रचार तिथेही आहेच. फक्त तो ज्यांच्या बाजूने आहे त्यांना तो ऐकू येत नाही.

मग विद्यार्थ्यांनी ‘कन्यादान’ करूच नये का? करावे, पण उघड्या डोळ्यांनी करावे. अरुणला खलनायक करून आरडाओरडा केला की टाळी मिळते, पण नाटक खोटे होते. अरुणला नुसता बिचारा केला तर ज्योतीला बसलेला मार हलका होतो. ते तर त्याहून वाईट. एक वाट आहे, ती नाथच्या भूमिकेतून जाते. ज्योतीच्या लग्नात नाथला मुलीपेक्षा आपला सिद्धांत जास्त प्रिय आहे, हे संहितेतच आहे. बहुतेक प्रयोगांत नाथला एवढे सहानुभूतीने रंगवतात की ते दिसेनासे होते. नाथ करणाऱ्या मुलाने प्रेक्षकांची दया मागणे थांबवले, की सगळ्या नाटकाचा तोल बदलतो आणि शेवटी ज्योती बापाला जे सुनावते ते खऱ्या अर्थाने ऐकू येते. एक ओळही न बदलता हे करता येते.

याच्या शेजारी दत्ता भगतांचे ‘वाटा-पळवाटा’ ठेवा. हेही घरात घडणारे, वादाचे नाटक. पण घर आपले आहे. बाबासाहेबांना पाहिलेले काका, प्राध्यापक झालेला सतीश, रस्त्यावरचा तरुण अर्जुन, अशा चळवळीच्या तीन पिढ्या एकमेकांशी भांडतात. सतीशची ब्राह्मण बायको हेमाही त्यात आहे. कोणी शत्रू बाहेरून आणून उभा करावा लागत नाही. आपलीच माणसे आपल्याला प्रश्न विचारतात, आणि प्रत्येकाचे थोडे थोडे बरोबर असते. आमच्या मते मराठीतल्या कुठल्याही राजकीय नाटकाला भारी पडेल असे हे बळ आहे. दुबळेपणा असा, की रंगमंचावर घडण्यापेक्षा सांगितले जास्त जाते. मोठ्या घटना बाहेर होतात आणि कोणीतरी आत येऊन त्यांची बातमी देतो.

आम्ही विद्यार्थ्यांचे असे प्रयोग पाहिले आहेत जिथे अर्जुन सगळे नाटक खाऊन टाकतो. तो वयाने करणाऱ्या मुलाच्या जवळचा, त्याची वाक्ये धारदार, सभागृहातून शिट्ट्या येतात. मग सतीश भित्रा वाटू लागतो, काका नुसते म्हातारे होतात आणि तीन पिढ्यांचा वाद एका पिढीचे भाषण बनतो. अशा वेळी जाणता दिग्दर्शक सर्वांत दमदार मुलाला सतीश देतो, अर्जुन नव्हे. ज्याच्या भूमिकेत टाळ्या कमी आणि अडचण जास्त, तिथे बळकट नट लागतो.

प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका १९७७ ची. दोनच नट, आणि तेच वेगवेगळी सोंगे घेत पाण्याचा आणि जातीचा प्रश्न मांडत जातात. नेपथ्य लागत नाही, वेशभूषा लागत नाही, एसटीने कुठेही जाता येते. अनेक भाषांत ती गेली आणि महाविद्यालयांत अजून होते. तिच्याबद्दल आम्ही जास्त लिहीत नाही, कारण ती आपल्या साधनांइतकीच मोठी आहे आणि फसायला जागा ठेवत नाही. फक्त एक धोका आहे. दोन्ही मुले एकाच आवाजात, एकाच रागात बोलू लागली की वीस मिनिटांत प्रेक्षक बधिर होतो.

आता नियमांकडे वळू, कारण संहिता ‘दुबळी’ ठरवण्यात नियमांचा हात असतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवात एकांकिकेला ३० मिनिटे आणि ९ कलाकार एवढीच मुभा असते. विद्यापीठांच्या स्पर्धा साधारण त्याच साच्यावर चालतात. या चौकटीत ‘युगयात्रा’ बसेल का? नऊ माणसांत चार युगे, तीस मिनिटांत हजारो वर्षे? चौकट आधीच ठरवते की इथे कमी माणसांची, एका प्रसंगाची, शेवटी एक धक्का देणारी संहिताच ‘सशक्त’ ठरणार. म्हणजे समूहाचे नाटक दारातच अडते. वर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. त्यामुळे प्रमाणपत्राच्या भीतीने मुले स्वतःच काही शब्द आधी खोडतात. जलशाच्या सोंगाड्याला असा कागद कुठे लागला असता?

पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ मध्ये परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही. त्यावर वर्तमानपत्रांतून भरपूर चर्चा झाली. मुले वाचत नाहीत, तंत्राच्या मागे लागली आहेत वगैरे. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पण वर्षानुवर्षे ज्या मुलांना स्वतःच्या जगण्याचा प्रश्न ‘प्रचारकी’ म्हणून बाजूला ठेवायला शिकवले, ती मुले लिहिणार तरी कशावर, हा प्रश्न त्या चर्चेत आम्हाला ऐकू आला नाही.

याचा अर्थ ‘आपले’ म्हणून आलेली प्रत्येक संहिता उत्तम, असा कोणी काढू नये. आपल्या मुलांच्या एकांकिकांत काही रोग आता जुने झाले आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एक म्हणजे शेवट. संहिता कुठे जाते हे लेखकाला सुचले नाही की निळा प्रकाश पडतो, बाबासाहेबांची तसबीर येते, गाणे सुरू होते आणि सभागृह उभे राहते. टाळ्या बाबासाहेबांना असतात, संहितेला नव्हे. ज्या बाबासाहेबांनी प्रत्येक मुद्द्याला पुरावा दिला, त्यांचे नाव न सुचलेल्या शेवटावर पांघरूण म्हणून वापरणे आम्हाला पटत नाही.

दुसरा रोग बायकांचा, म्हणजे बायका नसण्याचा. गावच्या अत्याचारावरच्या एकांकिकेत मुलगी मरण्यासाठी आणि आई रडण्यासाठी येते. संपूर्ण प्रयोगात त्या दोघी एकमेकींशी एक वाक्य बोलत नाहीत. जोतीरावांच्या १८५५ च्या नाटकात कुणबी बाई नवऱ्याबरोबर शिकायला निघते. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे होत आली, आणि आमच्या संहितांतली आई अजून पदर डोळ्याला लावून उभी आहे. इथे दिग्दर्शकाने तालमीत संहिता थांबवावी आणि आई करणाऱ्या मुलीला विचारावे, तू या वेळी काय बोलली असतीस? त्यातून जे निघेल ते लेखकाने लिहून घ्यावे. जलसाकार हेच करत होते.

तिसरे, सवर्ण पात्र. पाटील आला की मिशा, काठी आणि शिव्या. असा पाटील प्रेक्षकातल्या एकाही पाटलाला लागत नाही, कारण मी असा नाही असे म्हणून तो निवांत बसतो. ‘तृतीय रत्ना’तला जोशी गोड बोलतो, काळजी दाखवतो, बाईला आशीर्वाद देतो आणि घर लुटतो. तो अजून लागतो. आपल्या लेखक मुलांनी तो जोशी नीट वाचावा.

‘युगयात्रा’ आज करायची झाली तर? वेळेची चौकट नसलेल्या जागी, वसतिगृहाच्या अंगणात, १४ ऑक्टोबरच्या किंवा ६ डिसेंबरच्या आसपास करायला हवी. जितकी मुले येतील तितकी घ्यावीत. पुराणकाळाचे प्रवेश आटोपशीर करावेत, कारण ती गोष्ट आजच्या प्रेक्षकाला १९५५ पेक्षा जास्त माहीत आहे. चिटणीसांचा प्रवास जिथे थांबतो त्याच्या पुढे एक युग मोकळे ठेवावे: नामांतराचे, खैरलांजीचे, शिष्यवृत्तीची वाट बघत मेसचे पैसे थकवणाऱ्या मुलाचे. तो प्रवेश लेखकाकडून घेऊ नये. तालमीच्या पहिल्या दिवशी तो कोरा असावा. प्रयोगाच्या आठवडाभर आधी मुलांनी तो एकत्र बसून लिहावा, आणि त्यात आईला पहिले वाक्य द्यावे.